लेखकांचे सल्ले: पुस्तक घ्यावं, पत्रं वाचावीत की कार्यशाळेला जावं?

कथा-कादंबरी लिहायची आहे, नोकरी सुटत नाही, आणि शिकायला शनिवार-रविवारचे चार तास मिळाले तरी नशीब, अशा मुंबईकरासाठी हा आढावा आहे. समोर साधारण तीन वाटा दिसतात. नामवंत परदेशी लेखकांची लेखनावरची इंग्रजी पुस्तकं, आपल्याकडच्या लेखकांची पत्रं आणि आठवणी, आणि दादर-पार्ल्याकडे भरणाऱ्या कार्यशाळा. माझा कल आधीच सांगून टाकते. एखाद्या विशिष्ट मजकुराला चिकटून आलेला सल्ला हाताला काहीतरी देतो. सुटा आलेला सल्ला कितीही मोठ्या माणसाचा असला तरी भिंतीवर लावण्यापुरताच राहतो.

इंग्रजी पुस्तकांत हमखास सुचवलं जाणारं नाव अमेरिकी भयकथाकार स्टीफन किंगचं. ‘ऑन रायटिंग’ २००० साली आलं. त्यात निम्मं आत्मकथन आहे, निम्मी शिकवणी. नवशिक्यानं दिवसाला हजार शब्द लिहावेत, आठवड्यात एक सुट्टी घ्यावी. पहिला खर्डा दार बंद करून लिहावा, दुसरा उघडून. दुसरा खर्डा पहिल्याहून दहा टक्के आखूड असावा. यातलं दहा टक्क्यांचं गणित मराठीतही चोख चालतं. दार बंद करण्याचं काय करायचं ते वन रूम किचनमध्ये राहणाऱ्यानं आपल्यापुरतं ठरवावं. बोरिवली लोकलमध्ये खिडकी मिळाली तर तेच दार.

किंगचा राग क्रियाविशेषणांवर आहे, आणि तो जसाच्या तसा उचलून आपल्याकडची मंडळी मराठी कथांना कात्री लावतात. इथे जपून. ‘तिनं मुकाट्यानं ताट पुढे सरकवलं’ यातलं ‘मुकाट्यानं’ काढलंत तर ताट उरतं, भांडण जातं. आपल्या गद्याला लागलेली कीड निराळी आहे: विशेषणांच्या माळा, वाक्याच्या शेपटाला लोंबणारी टिंबं, आणि ‘निर्णय घेण्यात आला’ छापाची सरकारी रचना. कर्मणी प्रयोगावर किंग तुटून पडतो, तेवढं मात्र आपण आनंदानं घ्यावं.

अमेरिकी गुन्हेकथाकार एल्मोर लेनर्डनं २००१ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये दहा नियम लिहिले. पुस्तकाची सुरुवात हवामानानं करू नका, हा पहिलाच. हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण त्याच्याच पोटात असलेली सवलत कुणी सांगत नाही: नुसती वातावरणनिर्मिती नको, हवामानाला पात्र काय प्रतिसाद देतं ते येत असेल तर गोष्ट वेगळी. मुंबईच्या लेखकाला ही सवलत हवीच. जुलैत हिंदमाताला पाणी भरलं की ते हवामान राहत नाही, कथानक होतं. यादीच्या रूपात आलेल्या सल्ल्याची खोड हीच. नियम लक्षात राहतो, अपवाद गळून पडतो.

तेव्हा इंग्रजीतलं एकच पुस्तक घ्यायचं असेल तर मी अमेरिकी विज्ञानकथा-लेखिका अर्सुला ले ग्विनचं ‘स्टीअरिंग द क्राफ्ट’ घेईन. पहिली आवृत्ती १९९८ची, सुधारलेली २०१५ची, सुधारलेलीच घ्या. तिथे उपदेश थोडा आणि गृहपाठ भरपूर. एक उतारा विरामचिन्हांशिवाय लिहा. एक पान विशेषण-क्रियाविशेषणांशिवाय लिहा. आणि शेवटचा, जिवावर येणारा: आधी लिहिलेला मजकूर कापून बरोबर निम्मा करा. हे व्यायाम कुठल्याही भाषेत करता येतात. विरामचिन्हांचा तर मराठीत विशेष रंगतो, कारण आपलं जुनं गद्य त्यांच्यावाचूनच चालत होतं. ती रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर कँडीला दिलं जातं. चिन्हं काढून वाचलं की कळतं, आपलं वाक्य स्वतःच्या पायांवर उभं आहे की स्वल्पविरामांच्या कुबड्यांवर.

आता दुसरी वाट. मराठीत ‘कथा कशी लिहावी’ असं हात धरून शिकवणारं फारसं नाही, पण लेखकांनी कामाविषयी लिहिलेलं पुष्कळ आहे. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘प्रवास एका लेखकाचा’ वाचा. जी. ए. कुलकर्णींच्या निवडक पत्रांचे चार खंड आहेत, पहिला सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा. यांत नियम सापडणार नाहीत. सापडेल ते हे: धारवाडला बसलेला एक माणूस काय वाचतो, कशावर चिडतो, कुठल्या प्रतिमेपाशी थबकतो. वेग हवा असलेल्याला ही वाट मंद वाटेल, आणि ती आहेही. पण जीएंची कथा शेजारी उघडी ठेवून पत्रं वाचलीत तर दहा नियमांनी होणार नाही ते होतं.

एक सावधगिरी. गिरगावातल्या खटाववाडीतून निघणाऱ्या ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांकडून कथा पुन्हा पुन्हा लिहून घेत. मजकुराला चिकटलेल्या सल्ल्याचा याहून चांगला नमुना मराठीत मला ठाऊक नाही. मासिक १९८२ साली बंद पडलं, तरी ती अदब अजून सांगितली जाते. मात्र याच शहरात साठच्या दशकात अनियतकालिकवाले, म्हणजे स्वतःची छोटी मासिकं काढणारे बंडखोर लेखक, त्या अभिरुचीवर उखडले होते, आणि तेही उगाच नाही. १९६५च्या भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’वर आचार्य अत्र्यांनी झोड उठवली होती. नाक्यावरची भाषा भाऊंनी प्रस्थापितांना विचारून लिहिली असती, तर ती कादंबरी तशी झालीच नसती. तुमचं लेखन अशा, अजून कुणी छापील न केलेल्या भाषेतलं असेल, तर थोरांचा सल्ला रचनेपुरता घ्या, शब्दांपुरता नको.

व्हिडिओंचं थोडक्यात: मार्गारेट ॲटवुडसारख्यांचे पैसे भरून बघायचे वर्ग ऐकायला छान आहेत, पण ऐकून उठलं की वही कोरीच असते. ब्रँडन सँडरसननं विद्यापीठात घेतलेली व्याख्यानं यूट्यूबवर फुकट आहेत; अद्भुतिका (फँटसी) लिहिणाऱ्यानं ती जरूर बघावीत, इतरांना त्यातला बराच भाग लागू नाही.

राहिल्या कार्यशाळा. नाव मोठं म्हणून पैसे भरू नका. लेखक दोन तास स्वतःच्या पहिल्या पुस्तकाची हकिगत सांगणार आणि नंतर सेल्फी, असाही प्रकार असतो. त्याला व्याख्यान म्हणावं. फोन करून तीनच गोष्टी विचारा. माझा मजकूर आधी मागवणार का? तो सगळ्या गटानं वाचून यायचा आहे का? चर्चा चालू असताना लेखकानं गप्प बसायचं, असा नियम आहे का? हा शेवटचा नियम ले ग्विनही सांगते. लेखक खुलासे करू लागला की पानावर काय उतरलं नाही ते कळतच नाही. तिन्हींना ‘हो’ आलं, तर शिकवणारा फारसा प्रसिद्ध नसला तरी जा, आणि घराजवळची जागा निवडा. कल्याणहून बदलून पार्ल्याला सहा रविवार जाण्याचा उत्साह तिसऱ्या रविवारी मेगाब्लॉकमध्ये संपतो. उत्तरं गुळमुळीत आली, तर तेच पैसे पत्रांच्या खंडांवर घाला. दुकानात मिळाले नाहीत तर दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८पासूनचं. तिथे चौकशी करा.