रोलरने गाडी रंगवताना प्रायमर: अख्ख्या गाडीला की उघड्या पत्र्यापुरता?

फोमचा रोलर आणि सिंथेटिक इनॅमल घेऊन दारातच गाडी रंगवायचं ठरलं, की घोडं अडतं प्रायमरपाशी, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरापाशी.

अख्ख्या गाडीला मारण्याच्या बाजूने बोलण्यासारखं आहे. गडद रंग झाकून पांढरा करायचा असेल तर एकसारखा राखाडी थर मिळतो, इनॅमलचे एक-दोन हात वाचतात. खड्डे बुजवायला ठिकठिकाणी भरलेली लांबीही (पुट्टी) वरून डोकावत नाही.

अडचण अशी, की दुकानात सहसा हातात पडतो तो एनसी (नायट्रोसेल्युलोज) प्रायमर, आणि तो स्प्रे गनसाठी केलेला. थिनर भुर्रकन उडतो, रोलर परत फिरेपर्यंत थर ओढायला लागतो. इनॅमल सावकाश वाळतं म्हणून त्यातल्या रेघा आपोआप बसतात, या प्रायमरमधल्या तशाच राहतात. मग घासा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर). बॉनेटवर ठीक आहे हो, पण दाराच्या मधल्या धारेवर हात जरा जास्त फिरला की चकचकीत पत्रा वर! तिथे पुन्हा प्रायमर, पुन्हा रेघा, पुन्हा पेपर. माझं मत फिरलं ते त्या धारेपाशीच. शिवाय एनसी प्रायमर पाणी पितो. आपल्या गोव्याच्या दमट हवेत तो नीट सुकल्याशिवाय रंग चढवला, तर पुढे फोड आलेच म्हणून समजा.

जुना रंग घट्ट असेल तर ४०० नंबरच्या पेपरने नुसती चमक घालवली तरी इनॅमल धरतं, असा माझा अनुभव. खात्रीसाठी ब्लेडने बारीक फुल्या मारून चिकटपट्टी लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग निघाला तर तो खरवडायलाच हवा. वर प्रायमर मारून तो टिकत नाही.

उघड्या पत्र्याला मात्र प्रायमर हवाच, आणि तिथे मी दोन डब्यांचा इपॉक्सी घेईन. महाग आहे, हार्डनर घातल्यावर काही तासांत संपवावा लागतो, म्हणून थोडा थोडाच कालवायचा. पण ओल अडवतो. मिरामार-कळंगुटच्या खाऱ्या वाऱ्यात चाकांच्या कमानी आणि दारांच्या खालच्या कडा आधी गंजतात. पैसे तिथे घालावेत. रेड ऑक्साईड स्वस्त पडतो, पण फिकट रंगाखालून तांबूस झाक मारत राहतो.

अर्थात, जागोजाग लांबी भरलेली असेल किंवा काळ्याची पांढरी करायची असेल, तर अख्ख्या गाडीला मारणारे चुकत नाहीत. फक्त इपॉक्सीच घ्या, धारा घासताना हात हलका ठेवा, आणि मृगाच्या आत काम उरका.