सांगलीतील पशुवैद्यकीय दवाखाना: कडकनाथ कोंबडीच्या त्वचारोगाचा अनुभव

सांगलीत कुत्र्या-मांजरांसाठी दवाखाने आता पुष्कळ झाले आहेत; परंतु टोपलीत कोंबडी घेऊन गेलेल्या माणसाकडे बहुतेक ठिकाणी आधी नवलाने पाहिले जाते आणि मग एखादी पावडर लिहून देऊन त्याची बोळवण केली जाते. या दवाखान्यात तसे झाले नाही. आमच्या कोंबडीला हातात धरून, दिव्याखाली नेऊन, पिसे बाजूला सारून तपासण्यात आले आणि औषधाचे नाव त्यानंतरच निघाले. हा अभिप्राय लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे.

कोंबडी कडकनाथ जातीची आहे. 2019 मध्ये इस्लामपुरातून राज्यभर गाजलेल्या, कडकनाथ पालनाच्या नावाखालील गुंतवणूक-फसवणुकीच्या प्रकरणानंतर आमच्या जिल्ह्यात या जातीचे नाव काढले की लोक आधी हसतात, हे ओघाने सांगितले पाहिजे. मध्य प्रदेशातील झाबुआच्या या जातीच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा तुरा, कातडी आणि पाय काळसर असल्यामुळे गावरान कोंबडीच्या अंगावर सहज दिसणारी लाली किंवा रक्त कमी झाल्यावर तुऱ्याला येणारा फिकटपणा हिच्या बाबतीत डोळ्यांना नीट कळत नाही. पायांवर साचलेली पांढरी खपली मात्र काळ्या रंगामुळे उलट लवकर नजरेत भरते. आमचेही लक्ष प्रथम तिकडेच गेले होते. शेपटीखालची पिसे विरळ झाली होती, तिचे चालणे अडखळत होते आणि तिने अंडी देणे थांबवले होते.

डॉक्टर मॅडमनी पायांपासून सुरुवात केली नाही. कोंबडी कोठे झोपते, काय खाते, अलीकडे कळपात नवा पक्षी आणला का, हे सारे त्यांनी आधी विचारून घेतले. नंतर त्यांनी छातीचे हाड बोटांनी चाचपून ती किती वाळली आहे याचा अंदाज घेतला, वजन केले आणि मग गुदद्वाराभोवतीची व पंखांखालची पिसे उलटी सारली. तेथे पिवळसर रंगाच्या उवा उजेड पडताच पळू लागल्या आणि पिसांच्या बुडाशी त्यांच्या अंड्यांचे पांढरे पुंजके चिकटलेले आम्हालाही दिसले. आईने ताबडतोब हात झटकले, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "काकू, या उवा माणसाच्या अंगावर टिकत नाहीत, तुम्ही निर्धास्त राहा."

पायांची गोष्ट वेगळी निघाली. खवले उचलले गेले होते आणि त्यांच्याखाली खडूसारखा भुसभुशीत थर जमला होता. त्या थराचा लहानसा तुकडा काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात मऊ करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यात आला आणि गोल शरीराचा, आखूड पायांचा खरजेचा किडा आम्हाला प्रत्यक्ष दाखवण्यात आला. हा किडा आपले सगळे आयुष्य कोंबडीच्या कातडीतच काढतो, पायाच्या खवल्यांखाली बिळे करतो आणि एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे निकट सहवासातून हळूहळू पसरतो. वेळीच उपचार न झाल्यास बोटे वाकडी होऊन कोंबडी कायमची लंगडी होऊ शकते. म्हणजे एकाच कोंबडीला त्वचेचे दोन निरनिराळे त्रास होते आणि दोन्हींचे उपचारही निराळे होते. दुकानातून आणलेल्या एकाच पावडरीने हे जमले नसते, कारण पिसांवर टाकलेली पावडर खवल्यांखालच्या किड्यापर्यंत पोहोचत नाही.

काय नाही, हेही त्यांनी तितक्याच काळजीने पाहिले. वार्षिक पीसगळ असती तर ती डोक्या-मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे सरकली असती आणि गळलेल्या जागी नव्या पिसांचे कोंब दिसले असते. पायाचा तळवा उलटा करून तेथे काळी खपली किंवा गाठ नाही, याची त्यांनी खात्री केली. उंच किंवा खरबरीत दांडीवरून उड्या मारणाऱ्या जड कोंबड्यांच्या तळव्याला जखम होऊन तेथे पू धरतो. आमच्या शेजाऱ्यांनी "देवी आल्या" असे छातीठोकपणे सांगितले होते. त्यावर मॅडमनी समजावले की कोंबड्यांच्या देवीत खपल्या मुख्यतः तुरा, पापण्या आणि चोचीभोवतीच्या उघड्या कातडीवर येतात, तोंडात पिवळसर पापुद्रे आढळले तर तो प्रकार अधिक घातक असतो, आणि हा रोग विषाणूचा असून डासांमार्फतही पसरतो व त्यावर नेमके औषध नाही. असते ती पंखाच्या पडद्यात टोचायची लस. पावसाळ्यात आपल्या नदीकाठच्या भागात डास किती वाढतात हे ठाऊक असल्यामुळे उरलेल्या पक्ष्यांच्या लसीकरणाची नोंद आम्ही तेथेच केली.

उपचार साधे, पण चिकाटीचे होते. पाय कोमट साबणाच्या पाण्यात भिजवायचे, मऊ ब्रशने सुटलेली खपली हलकेच काढायची, पाय पूर्ण कोरडे करायचे आणि पांढरे व्हॅसलीन जाड थरात लावायचे, म्हणजे खालचा किडा गुदमरतो. कोरडी खपली नखाने ओढायची नाही, रक्त येते. याखेरीज आयव्हरमेक्टिन या किडे मारणाऱ्या औषधाची मात्रा त्यांनी वजनावरून स्वतः मोजून दिली, दोन आठवड्यांनी दुसऱ्या मात्रेसाठी बोलावले आणि त्या काळातली व त्यानंतर त्यांनी ठरवून दिलेल्या मुदतीतली अंडी कोणीही खायची नाहीत, असे दोनदा बजावले. उवांसाठी परमेथ्रिन या कीटकनाशकाची पावडर पंखांखाली आणि गुदद्वाराजवळ चोळायची होती. पावडरीने उवांची अंडी मरत नसल्यामुळे त्यांतून निघालेल्या नव्या उवांसाठी साधारण दहा दिवसांनी ती पुन्हा लावणे आवश्यक ठरते. दोन्ही उपचार एकाच पक्ष्यावर न थांबवता कळपातल्या सर्वांवर करायचे होते.

आमच्या घरी कुत्र्याच्या मानेवर टाकायचे फिप्रोनिल हे गोचीड-पिसवांचे औषध पडून आहे, ते चालेल का, असे मी विचारले. मॅडमनी ठाम नकार दिला. 2017 मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये कोंबड्यांच्या लाल माइटसाठी, म्हणजे रक्त पिणाऱ्या बारीक किड्यांसाठी, हेच औषध वापरले गेले आणि अंड्यांत त्याचा अंश सापडल्याने युरोपभर लाखो अंडी बाजारातून काढावी लागली, हे उदाहरण त्यांनी दिले. गावाकडे अजूनही सांगितला जाणारा रॉकेलचा उपाय त्यांनी त्याच दमात निकालात काढला, कारण त्याने कातडी भाजते.

खुराड्याविषयीचा सल्ला मला सर्वांत उपयोगी वाटला. लाल माइट दिवसा लाकडाच्या भेगांत दडतात आणि रात्री रक्त पितात. त्यामुळे दुपारी कोंबडी कितीही तपासली तरी हाती काही लागत नाही. रात्री टॉर्च घेऊन दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कागद फिरवायचा आणि त्यावर तांबडे डाग उमटतात का ते पाहायचे. अन्नाविना हे किडे कित्येक महिने जगत असल्याने खुराडे काही दिवस रिकामे ठेवून ते मरत नाहीत; भेगा खरवडून, औषध मारून, चुना द्यावा लागतो. धूळस्नानासाठी कोरडी माती आणि थोडी राख छपराखाली ठेवायलाही त्यांनी सांगितले. आमच्या कागदावर डाग उमटले नाहीत, तरी चुना दिलाच.

उवा दुसऱ्या वेळच्या पावडरीनंतर दिसल्या नाहीत. पायांना अधिक वेळ लागला. लंगडणे कमी झाले, पण खवले अजून ओबडधोबड आहेत. पुढच्या पीसगळीपर्यंत ते तसेच राहण्याची शक्यता आहे, असे आम्हाला आधीच सांगण्यात आले होते.

उणिवाही आहेत. प्रतीक्षेची जागा एकच असून तेथे कुत्री मोकळ्या दोरीने बसलेली असतात, त्यामुळे कोंबडी टोपलीत धापा टाकू लागते. झाकणाला भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके आणि वर एक फडके नेल्यास ती शांत राहते. तपासणीचे शुल्क कुत्र्याइतकेच आहे आणि ते कोंबडीच्या बाजारभावाहून जास्त होते. माझी तक्रार नाही, पण ज्यांच्याकडे परसात मोठा कळप आहे त्यांना तालुक्याचा शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना किंवा 1962 या क्रमांकावरची फिरती सेवा अधिक परवडेल. आजार उकलतच नसेल तर सातारा जिल्ह्यातील शिरवळचे पशुवैद्यक महाविद्यालय महामार्गालाच लागून आहे. सर्वांत खटकलेली गोष्ट म्हणजे तोंडी इतके स्वच्छ मराठीत समजावणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी पूर्णतः इंग्रजीत होती आणि अंडी न खाण्याची मुदत तिच्यावर कोठेच लिहिलेली नव्हती. ती मागून लिहून घ्यावी. मी पाचपैकी चार गुण देतो.