माहेश्वरी उद्यानाच्या कडेचा जुन्या पुस्तकांचा बाजार

माटुंगा पूर्वेला माहेश्वरी उद्यानाभोवती, म्हणजे मुंबईकर आजही ज्याला किंग्ज सर्कल म्हणतात तेथे, फुटपाथवर जुनी पुस्तके विकणाऱ्यांकडे मी अनेक वर्षे जात आहे. पण पुस्तके विकण्यासाठी म्हणून पहिल्यांदा गेले ती या जूनमध्ये. मुलाची अभियांत्रिकीच्या पहिल्या दोन वर्षांची अकरा पुस्तके सुतळीने बांधून नेली होती. विक्रेत्याने गठ्ठा सोडला, प्रत्येक पुस्तक मधोमध उघडून शिवण पाहिली, पाने सुटलेली नाहीत याची अंगठ्याने खात्री केली आणि मग आवृत्तीचे पान काढले. अभ्यासक्रम बदललेली तीन पुस्तके त्याने लगेच बाजूला सारली. "ताई, ही आता कोणी घेणार नाही. मी ठेवून घेतली तरी शेवटी रद्दीतच जातील," असे त्याने सरळ सांगितले. उरलेल्या आठ पुस्तकांना त्याने छापील किमतीच्या साधारण तिसरा हिस्सा देऊ केला. थोडी घासाघीस केल्यावर ५० रुपये वाढवून मिळाले.

मी पैसे मोजत होते तेवढ्यात एक विद्यार्थिनी आली आणि तिने गणिताचे तेच पुस्तक मागितले. विक्रेत्याने आधी ठेवणीतली कोरी दिसणारी प्रत पुढे केली, नंतर माझ्या मुलाची. मुलाने समासात पेन्सिलीने कोणते उदाहरण कोणत्या वर्षी परीक्षेत आले ते लिहून ठेवले होते. तिने चार पाने उलटली आणि मळकी असूनही तीच प्रत घेतली, छापील किमतीच्या निम्म्या भावात. मला मिळालेली रक्कम आणि तिने दिलेली रक्कम यांतला फरक माझ्या डोळ्यांसमोर होता, पण तो मला खटकला नाही. पावसाळाभर ताडपत्रीखाली माल सांभाळणे आणि अभ्यासक्रम बदलला की पडून राहिलेल्या गठ्ठ्यांचे नुकसान सोसणे, हे सगळे त्याच फरकातून भागते. शिवाय चार वर्षे घरातल्या माळ्यावर धूळ खात पडले असते ते पुस्तक पंधरा मिनिटांत गरजूच्या पिशवीत गेले, याचा आनंद मला त्या पैशांपेक्षा अधिक वाटला.

हा बाजार याच जागी का टिकला, हे आजूबाजूला पाहिले की कळते. १९२३ साली माटुंग्यात आलेली व्हीजेटीआय ही अभियांत्रिकीची संस्था, १९३३ साली सुरू झालेली रसायन तंत्रज्ञानाची संस्था, रुईया, पोदार आणि खालसा ही महाविद्यालये सगळी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. दर वर्षी एक तुकडी पुस्तके मोकळी करते आणि दुसरी तीच शोधत येते. काही विक्रेते वर्ष संपल्यावर पुस्तक सुस्थितीत परत आणल्यास निम्मी रक्कम परत देतात. असा व्यवहार करायचा असेल तर ठरलेली रक्कम शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहून घ्यावी, असे मी अनुभवाने सांगेन. परत जाल तेव्हा गल्ल्यावर दुसराच माणूस बसलेला असू शकतो.

मराठी वाचकाने मात्र फार मोठी अपेक्षा ठेवून येऊ नये. ललित साहित्यात येथे इंग्रजी कादंबऱ्यांचाच भरणा आहे, आणि मराठी पुस्तके बहुधा गठ्ठ्याच्या तळाशी असतात. मराठी क्रमिक आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांसाठी पुण्याचा अप्पा बळवंत चौक कितीतरी उजवा आहे. तरीही तळ उपसण्याची तयारी असेल तर येथे सापडते त्याचा आनंद वेगळाच असतो. त्याच दिवशी मला मुखपृष्ठ नसलेला एक कथासंग्रह मिळाला. सुरुवातीची पाने गळाल्यामुळे प्रकाशनवर्ष कळत नव्हते, पण मलपृष्ठावर किंमत '३ रु. ५० न. पै.' अशी छापलेली होती. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली आणि 'नवे पैसे' हा शब्द १९६४ पर्यंतच चालला, तेव्हा पुस्तक त्या सात वर्षांतले असणार. आत 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' असे अनुच्चारित अनुस्वार होते. म्हणजे १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नव्या नियमांआधीचीच ही जुळणी असावी. विक्रेत्याने ८० रुपये सांगितले आणि मी घासाघीस न करता दिले. कसरीने दोन पानांना भोके पाडली आहेत, पण मजकूर एकही शब्द न गमावता वाचता येतो.

एक तक्रार स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी येथल्याच एका पथारीवर मला जुने म्हणून जे पुस्तक विकले गेले ती चोरून छापलेली नक्कल निघाली. कागद झिरझिरीत होता, शाई काही पानांवर फिकी तर काही पानांवर पसरलेली होती, आणि ओळींची टोके बांधणीत घुसली होती. लेखकाला एक पैसाही न मिळणारी प्रत जुन्या पुस्तकांच्या नावाखाली खपवणे ही या व्यवसायाशीच प्रतारणा आहे, कारण जुन्या प्रतीवर लेखकाचे मानधन एकदा तरी दिले गेलेले असते. म्हणून एखादे नवे, गाजणारे पुस्तक कोरे करकरीत आणि अतिशय स्वस्त दिसले तर आधी बांधणीजवळचा समास पाहावा. त्याचप्रमाणे ग्रंथालयाचा शिक्का असलेल्या प्रतीवर ती नोंदवहीतून बाद केल्याची खूण शोधावी. ती नसेल तर पुस्तक घेऊ नये, ते कोणीतरी परत न केलेले असू शकते.

जायचे तर कामाच्या दिवशी सकाळी, गर्दी वाढण्यापूर्वी जावे. भवानी व्हायची असेल तर भावही जरा सैल असतो. विकायला नेणार असाल तर आवृत्ती आणि चालू अभ्यासक्रम घरीच ताडून पाहावा आणि पावसाळ्यात पुस्तके प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधावीत. ओल लागलेल्या पुस्तकाकडे तेथे कोणी पाहतही नाही.