आधी दारू, मग मन? की दोन्ही एकदम?
१ जूनला मासेमारी बंद होते, होड्या झापांखाली जातात आणि एखाद्या खलाशाची क्वार्टर दुपारीच उघडते. झोप नाही, जगणं नकोसं.

‘आधी दारू सोड, मग मनाचं बघू’ यात थोडं तथ्य आहे: दारूनेच आलेलं नैराश्य दोन ते चार आठवडे कोरडे गेले की बरेचदा ओसरतं. पण ते मुळात आधीचंच असेल तर माणूस तेवढा टिकत नाही, पुन्हा गुत्ता.

एकत्र उपचारात पहिले पाच-सात दिवस थरथर आवरणाऱ्या गोळ्या उतरत्या मात्रेत, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व), आणि आत्महत्येच्या विचारांची थेट विचारपूस. मग नैराश्याची औषधं, समुपदेशन. आमचा कल इकडेच. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी अचानक तोडू नका: पहिल्या दोन दिवसांत झटके, तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. फोनवर टेली-मानस, ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.