फाईव्ह-एएलए की फ्लुरोसीन? ब्रेन ट्युमर चमकवायला काय बरं

ग्लायोमाची (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या ट्युमरची) कड ऑपरेशन करताना नुसत्या डोळ्यांना नीट दिसतच नाही, म्हणून ती चमकवायला हे दोन पर्याय: फाईव्ह-एएलए हे औषध आणि फ्लुरोसीन हा रंग. फाईव्ह-एएलए ऑपरेशनच्या साधारण ३ तास आधी प्यायला देतात, ट्युमरच्या पेशी स्वतःच त्याचं पोर्फिरिन (चमकणारं द्रव्य) बनवतात आणि निळ्या लाईटखाली गुलाबी-लाल चमकतात. २००६च्या जर्मन ट्रायलमध्ये याने पूर्ण ट्युमर निघायचं प्रमाण ६५%, साध्या लाईटमध्ये ३६%, केवढा फरक आहे बघा! फ्लुरोसीन शिरेतून देतात, स्वस्त आहे, पिवळ्या फिल्टरमधून आजूबाजूचंही छान दिसतं, पण ते पेशीत नाही तर जिथे रक्त-मेंदू अडथळा (रक्तातले बरेच पदार्थ मेंदूत जाऊ न देणारी भिंत) फुटलाय तिथे झिरपतं, म्हणजे सुजलेला भागही रंगू शकतो. हाय-ग्रेड (झपाट्याने वाढणाऱ्या) ग्लायोमाला माझं मत फाईव्ह-एएलएलाच, फक्त नंतर एक-दोन दिवस पेशंटला कडक उजेडापासून जपायचं. लो-ग्रेड (हळू वाढणारे) मात्र त्यानेही बऱ्याचदा चमकत नाहीत.