चलान ५०० चं, गेले १,८४,५००

मंगळवारी दुपारी सांगलीच्या यार्डात हळदीचे सौदे चालू होते. तेवढ्यात शेजारच्या अडत्याच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' आलं, एपीके फाईल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी. आमचा टेम्पो रोज मिरज रस्त्यावर असतो, चलान येतातच. नंबरही ओळखीचा. त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलाय हे मला कुठून कळणार?

फोनने हटकलं होतं, 'हे ॲप धोकादायक असू शकतं.' पण बिलिंगचं ॲप टाकतानाही हीच सूचना आली होती, तेव्हा काही झालं नव्हतं. न वाचताच 'तरीही इन्स्टॉल करा' दाबलं. मग त्याने एसएमएस वाचायची परवानगी मागितली. इथे थांबायला हवं होतं. चलानाला माझे मेसेज कशाला हवेत? समोर शेतकरी दरासाठी अडून बसलेला, मी त्याच्याशी बोलत बोलत 'अनुमती द्या'वर बोट ठेवलं. ते बोट अजून डोळ्यांपुढून जात नाही. पुढे बँकेसारखंच पान उघडलं, ५०० रुपयांसाठी मी युजर आयडी-पासवर्ड भरला. ओटीपी त्यांनी परस्पर वाचले.

३.५२ ला ९९,००० गेले. पूर्वी आमच्या खात्यावर भावाचीही मंजुरी लागायची. तो तासगावला रानात असतो, रेंज नसते, पेमेंट अडकायचं, म्हणून दिवाळीत मीच ती काढून टाकली. शेतकऱ्यांना पट्टीचे, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचे, पैसे वेळेवर नको द्यायला? ज्यांच्या खात्यावर दोघांची मंजुरी आहे, त्यांनी कितीही कटकट वाटली तरी काढू नका.

४.४० ला मी शाखेत होतो. खातं बंद करा म्हटलं, तर म्हणे आधी लेखी अर्ज, आमच्याच नमुन्यात. मी अर्ज लिहीत असताना ५.०५ ला आणखी ८५,५०० गेले! त्यांच्या टेबलासमोर! १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाईन, आधी लागेना, तिथेच उभं राहून सातव्यांदा लागला. तुम्ही शाखेत जायच्या आधी १९३० लावा, तोही दुसऱ्याच्या फोनवरून. आपला फोन फ्लाइट मोडवर टाका. पोलीस ठाण्यात 'परवानगी तुम्हीच दिलीत ना?' आणि दुसऱ्या ठाण्याचा पत्ता. तिथले साहेब बंदोबस्ताला. दोन दिवस हेच.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक वाचा. ग्राहकाची चूक असली तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. शाखा म्हणते, तुमच्या अर्जावर शिक्का ५.२० चा आहे. ९९,००० ची चूक माझी, मान्य. ८५,५०० ची नाही. ४.४० ला मी काउंटरवर उभा असल्याचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा, असा अर्ज आज दिलाय आणि पोच घेतलीय.