उचललेल्या जीपला पाचर की डबल जॉइंट?

माझी जुनी, पाट्यांच्या (लीफ) स्प्रिंगवरची फोर-बाय-फोर जीप मागून अडीच इंच उचललेली आहे, एक जादा पाटा आणि लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणारी पट्टी) टाकून. देवगडकडच्या कातळावरच्या कलमांत जायचं तर वाटेत चिरेखाणीच्या ट्रकांनी उखडलेला रस्ता आणि एक वहाळ लागतो, त्यामुळे उंची हवीच होती. ती मिळाली, आणि साठ गाठले की सीटखालून घूं-घूंही यायला लागली.

कारण सगळ्यांना माहीत असतं, तरी आकडे सांगतो. शॅकल जितकी लांब कराल त्याच्या निम्मीच उंची मिळते, पिनियनचं, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या ज्या दांड्याला शाफ्ट जोडतात त्याचं, नाक मात्र वर जातं. मोबाइलमधल्या लेव्हलवर माझा ट्रान्स्फर केसचा (गिअरबॉक्समागचा, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आउटपुट मागे 3 अंश उतरता, तिथून मागच्या ॲक्सलला जाणारा शाफ्ट 11 आणि पिनियन 6. म्हणजे पुढच्या क्रॉसवर (शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा) 8 अंश, मागच्यावर 5. कोनात फिरणारा क्रॉस एका फेरीत शाफ्टला दोनदा पुढे ढकलतो, दोनदा मागे ओढतो; दुसरा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तरच ही ओढाताण फिटते.

वाटा दोन. पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये लोखंडी पाचर घालून पिनियन पुन्हा आउटपुटला समांतर करायचं, किंवा ट्रान्स्फर केसच्या बाजूला डबल जॉइंटचा (दोन क्रॉस एकत्र जोडलेला सांधा) शाफ्ट लावून पिनियनचा रोख थेट त्या जॉइंटकडे धरायचा. मी आधी दुसरी वाट धरली. गुळगुळीत चालण्यात डबल जॉइंटला तोड नाही, हे मान्यच करायला हवं. कोल्हापुरात लेथवर शाफ्ट बनवून, बॅलन्स करून आणला. परत येताना करूळ घाट उतरून तळेऱ्याला हायवेला लागलो तेव्हा गाडी आपलीच आहे का अशी शंका आली.

मग पाऊस लागला. डबल जॉइंटच्या पोटात एक सेंटर बॉल असतो, त्याचं ग्रीसचं तोंड आत दडलेलं. नेहमीची ग्रीस गन तिथे बसतच नाही, सुईसारखी नोझल लागते. गाडीखाली आडवं व्हायचं, शाफ्ट हाताने फिरवत ते भोक बरोबर समोर आणायचं, सुई टेकवून धरायची, तेवढ्यात शाफ्ट जरा सरकला की ग्रीस कोपरापर्यंत. रोज वहाळातून जाणाऱ्या गाडीला हे दर आठवड्याला. एक रविवार चुकला की सोमवारी गाडी रिव्हर्सला चिमणीसारखी चिवचिवणार, आणि बागेतला गडी विचारणार, "आज परत?" ऑगस्टमध्ये चिवचिव थांबली आणि खडखड सुरू झाली. तो सुटा बॉल आमच्याकडे कुठल्याच दुकानात मिळेना. साधा क्रॉस तालुक्याच्या कुठल्याही स्पेअरवाल्याकडे मिळतो.

शिवाय डबल जॉइंट घेतला म्हणून पाचर सुटत नाही. त्यासाठी पिनियन आणखी वर वळवावं लागतं, माझ्याकडे 4 अंश. नाक इतकं वर गेलं की हाउजिंगमधलं तेल मागे उतरतं आणि पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला कमी पोचतं. माझं बेअरिंग काही गेलं नाही, पण धाकधूक होतीच.

शेवटी जुना शाफ्ट परत चढवला आणि 4 अंशांची पाचर आणली. खरं तर 3 पुरली असती. पण ॲक्सिलरेटर दाबला की पाटे पिळून पिनियन नाक वर करतं, म्हणून एक अंश खालीच ठेवला. पहिल्या दिवशी घूं-घूं दुप्पट झाली. मिस्त्री खाली वाकून बघतो तो, "मेल्या, पाचर उलटी बसवलंस!" पाटा ॲक्सलच्या खाली असेल तर पिनियन खाली वळवायला जाड बाजू मागे, पाटा वर असेल तर पुढे. माझे पाटे खाली आहेत, आणि मी जाड बाजू पुढे घातली होती.

पाचरीची कटकट नाही असं नाही. सेंटर बोल्ट लांब घ्यावा लागतो, आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. ॲल्युमिनियमची पाचर स्वस्त मिळाली तरी इथल्या खाऱ्या हवेत ती लोखंडाच्या सोबतीने खाल्ली जाते. आणि 8 अंश हे जास्तच आहेत. सत्तरच्या पुढे माझ्या गाडीत अजून एक बारीक थरथर जाणवते. पण या रस्त्यांवर सत्तर गाठतो कोण! चार इंचांच्या वर उचलली असेल, किंवा रोज हायवेलाच पळणार असेल, तर मात्र डबल जॉइंटच बघा, आणि सुईची नोझल त्याच दिवशी घ्या.

कोन घेताना गाडी जॅकवर नको, चाकांवर हवी, आणि नेहमीचं वजन भरून. मी आंब्याच्या पेट्या भरून घेतले, तर शाफ्टचा उतार रिकाम्या गाडीपेक्षा दीड अंशाने कमी भरला. शाफ्ट सोडण्याआधी सरकत्या जोडावर दोन्हीकडे खडूने खूण करा, नाहीतर दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत बसणार नाहीत आणि दोष पाचरीला द्याल.

डबल जॉइंट गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. दोघांनी विचारलंय, अजून दिला नाही.